पिवळा की लाल?

परवा मुळशीहून ताम्हिणी घाटात शिरलो आणि असं धुकं उतरलं, की समोर फक्त दिवे! गाडी मित्राची, जीप कंपास. ब्रँड अमेरिकन, जन्म आपल्या रांजणगावचा. ‘मागचे इंडिकेटर अमेरिकन स्टाइल लाल करून घेतो, भारी दिसतील,’ साहेबांचा प्लॅन. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो. युरोपात आणि आपल्याकडे पिवळाच लागतो. म्हणून २०१५ मध्ये फोर्डची मस्टँग युरोपात गेली, तीसुद्धा पिवळे इंडिकेटर लावून. तेवढ्यात समोर पिवळा दिवा लुकलुकला. पुढची गाडी चहाच्या टपरीकडे वळतेय, लगेच कळलं. लाल असता तर? ब्रेक की वळण, हे ठरवेपर्यंत आपण तिच्या डिकीत! मित्र गप्प. बॉस, घाटात स्टाइल नको, पिवळाच बरा.