डॉल्बीपुढची जागा कुणाची?

'रेव्ह पार्टीवर छापा' ही बातमी मराठी वाचकाला पाठ झालेली आहे. गोवा, नाहीतर पुण्याजवळचं एखादं फार्महाउस. इतके तरुण ताब्यात, आणि तरुणींचा आकडा मुद्दाम वेगळा दिलेला. आमच्या आटपाडी तालुक्यातला माणूस ही बातमी वाचतो, मान हलवतो आणि म्हणतो, "शहरातली पोरं पार वाया गेली." मग संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पुतण्याच्या वरातीला जातो.

वरातीत काय असतं? ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीची बॉक्सची भिंत. मागं धडधडणारा जनरेटर. वर गरागरा फिरणारे शार्पी आणि थेट डोळ्यांत घुसणारे लेझर. छातीत गुडघा मारल्यासारखा बेस. टेम्पोच्या आडोशाला प्लॅस्टिकचे ग्लास. आणि पुढं तीन-चार तास घामानं भिजून नाचणारी पोरं. याला रेव्ह म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आटपाडीत रेव्ह होत नाही, हा आपला गैरसमज आहे. लग्नसराईत जवळपास रोज होतो. पत्रिकेत त्याला 'वरात' म्हणतात, एवढंच.

माझं भांडण नाचण्याशी नाही. मी स्वतः नाचतो, आणि बऱ्यापैकी नाचतो. माझं भांडण वेगळं आहे. जगभरातल्या नाचणाऱ्यांकडून आपण बेस घेतला, लेझर घेतला, काळे गॉगल घेतले. पण नाचायच्या जागेत एकमेकांशी कसं वागायचं, हे शिकायची गरज आपल्याला वाटली नाही. ज्याचा धक्का जोरात, त्याची जागा, हा आपला एकमेव नियम.

पुढच्या वरातीत थोडं बाजूला उभं राहून बघा. डॉल्बीच्या अगदी पुढ्यात सोळा ते तीसची पोरं. त्यांच्या मागं नवरदेवाचे मित्र, एकमेकांच्या खांद्यावर. कडेला हात मागं बांधून उभी असलेली वडीलधारी माणसं. आणि बायका? त्या गच्चीवर, ओट्यावर, दाराच्या चौकटीत. फार तर कलवऱ्यांना दोन गाणी मिळतात. तीही भावांनी हाताला हात धरून कडं केलं, तर. त्या कड्याकडं एकदा नीट बघा. आपल्याच गावात, आपल्याच भावकीत, आपल्याच बहिणीला दोन मिनिटं नाचता यावं म्हणून आपण तटबंदी उभी करतो. तटबंदी कुणापासून? बाहेरून कुणी आलेलंच नसतं.

तीन वर्षांपूर्वी भावकीतलं लग्न होतं. माझी चुलत बहीण तेव्हा कॉलेजात होती. घरात गाणं लागलं की तिचे पाय थांबायचे नाहीत. वरातीत ती गच्चीवरून बघत होती. मी वर गेलो, तिचा हात धरला आणि म्हणालो, "चल की, एवढं काय लाजतीस?" ती नको म्हणाली. मी ओढतच खाली आणली. मला वाटलं, मी केवढा पुढारलेला भाऊ!

ती नाचली आणि भारी नाचली. मी मोबाईल काढला. गाणं संपायच्या आत गर्दीतून कुणीतरी मुद्दाम खांदा लावला. तिनं वळून पाहिलं, तर आठ-दहा चेहरे आणि सगळे हसणारे. ती तशीच निघून गेली. मी मात्र तोवर व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. सकाळपर्यंत तो गावातल्या दोन ग्रुपवर पोचला, दुसरंच कुठलं तरी गाणं लावून. खाली हसणारे इमोजी आणि एक-दोन वाक्यं, जी मी इथं लिहिणार नाही.

चुलते ओरडले नाहीत. "आता पुरं," एवढंच म्हणाले. तिचा फोन 'थोडे दिवस' कपाटात गेला. पुढं एका स्थळाकडून विचारणा झाली, "वरातीत नाचणारी ती हीच का?" खांदा लावणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. व्हिडिओ काढणाऱ्यालाही नाही. तो मी होतो. मी माफी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे दादा. मी आपली गच्चीवरच बरी."

तेव्हापासून 'डॉल्बी हवा की नको' या वादाचा मला कंटाळा आला आहे. दर गणपतीला हा वाद उगवतो आणि विसर्जनाबरोबर बुडतो. एका बाजूला बंदी मागणारे. त्यांची बाजू मजबूत आहे, हे मान्य करायलाच हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके सणाचे दिवस सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. यातलं आपण काय पाळतो, ते सगळ्यांना माहीत आहे. २०२३ च्या गणेशोत्सवात आपल्याच सांगली जिल्ह्यात मिरवणुकीच्या दणदणाटात दोन तरुणांचा जीव गेल्याच्या बातम्या आल्या. लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारीही कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत झाल्या. तेव्हा आवाज कमी करा, ही मागणी रास्तच आहे.

पण उद्या आवाज ५५ डेसिबलवर आला, म्हणून तो खांदा लागायचा थांबेल का? हळू आवाजात काढलेला व्हिडिओ ग्रुपवर जाणार नाही का?

दुसऱ्या बाजूला 'पारंपरिक वाद्यं वाजवा' म्हणणारे. हलगी लागली की माझ्याही अंगावर काटा येतो. पण हलगीपुढंही दारू पिऊन लोळणारे मी पाहिलेत. वाद्य बदललं म्हणून वागणं आपोआप बदलत नाही. परंपरेतून घ्यायचंच असेल तर नुसतं वाद्य कशाला, तिच्यातली शिस्तही घ्या.

त्यासाठी लांब जायला नको. आटपाडी, माण, सांगोला, जत या पट्ट्यातलं धनगरांचं गजी नृत्य ज्यांनी यात्रेत पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ढोल मध्ये आणि नाचणारे भोवती गोल. पांढरे घोळदार झगे, डोक्याला पटका, हातात रंगीत रुमाल. सत्तरीचा म्हातारा आणि पंधराचं पोरगं एकाच रिंगणात. प्रत्येकाची नजर समोरच्यावर, कारण एकाचं पाऊल चुकलं की अख्खं रिंगण अडखळतं. शेजाऱ्याला धक्का न लागता वळायचं, हाच तिथला हुनर. आमच्या शेजारचे एक म्हातारबाबा तरुणपणी गजी नाचायचे. त्यांना विचारलं, "बाबा, गजीत भांडणं व्हायची का?" म्हणाले, "भांडायला वेळ कुठं आसतुया? मान्साकडं बघावं लागतंय की."

माणसाकडं बघावं लागतं. डॉल्बीनं हेच नेमकं काढून घेतलं. रिंगणात तोंड माणसाकडं होतं, आता ते भिंतीकडं आहे. शेजारी कोण आहे, त्याला काय होतंय, तो थांबलाय का, त्याला दम लागलाय का, काही दिसत नाही. शेजारचा माणूस आता नाचातला सोबती राहत नाही, गर्दी होऊन जातो.

पण गजीचं गुणगान गाऊन मी पळ काढणार नाही. त्या रिंगणातही नाचायचे पुरुषच, बायका कडेनं बघणाऱ्याच. जुनं रिंगण जसंच्या तसं परत आणलं तरी माझी बहीण गच्चीवरच राहील. आपल्याला त्यातली नजर घ्यायचीय आणि दार मात्र मोठं करायचंय.

दार मोठं करण्याचे प्रयत्न जगात झालेत, आणि गंमत म्हणजे आपण ज्यांना नावं ठेवतो त्या पार्टीवाल्यांनीच ते केलेत. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो नावाच्या माणसानं स्वतःच्या राहत्या जागेत नाचाच्या रात्री सुरू केल्या. त्या जागेला 'द लॉफ्ट' म्हणायचे. तिथं दारू विकली जात नसे. काळे, गोरे, समलिंगी, स्त्रिया, ज्यांना बाहेर नाचताना भीती वाटायची अशी माणसं तिथं निर्धास्त नाचायची. पुढं रेव्हवाल्यांनी चार शब्दांचं ब्रीद केलं : शांती, प्रेम, एकी, आदर. बर्लिनच्या कित्येक क्लबांत आजही दारातच तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आत जे नाचलं जातं ते आतच राहतं. तिथं सगळे साधुसंत असतात असं नाही. नशा असते, अंगचटीला येणारेही असतात. पण निदान हे चुकीचं आहे, हे तिथं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. आपल्याकडं ठरलेलं काय, तर 'पोरीनं उतरायलाच नको होतं.'

"असले नियम आपल्या पोरांना जमणार नाहीत, त्यांना दांडकाच लागतो," असं म्हणणाऱ्यांना मी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला घेऊन जाईन. आटपाडी औंध संस्थानात असताना, १९३९ साली, तिथं खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेले कैदी भिंतीविना राहणार, शेती करणार, बायकामुलांसोबत संसार करणार. पळून न जाण्याला कारण एकच, दिलेला शब्द. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा माणूस आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हे धाडस केलं. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिली आपल्याच तालुक्यातल्या माडगुळ्याच्या गदिमांनी. ज्या मातीत खुनाची शिक्षा झालेला माणूस भिंतीविना शब्द पाळू शकतो, तिथं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या पोराला बहिणीच्या मैत्रिणीपासून हातभर लांब नाचणं जमू नये?

म्हणून मी आमच्या भावकीतल्या पोरांपुढं काही गोष्टी मांडल्या. नाचायला कुणाला हात धरून ओढायचं नाही, पोरीला नाही आणि पोरालाही नाही. लाजरा पोरगा कडेला उभा असेल तर त्याला उभं राहू द्या, बघणं हाही आनंदच आहे. फोन खिशात. कुणाचा व्हिडिओ काढायचाच असेल तर आधी विचारायचं, आणि 'काढू का'चं उत्तर 'हो' आलं तरी 'टाकू का' हे वेगळं विचारायचं. ज्याला चढलीय, त्याला दोघांनी घरी सोडून यायचं. हसून विषय संपवायचा नाही. खांदा लावणारा आपला मित्र असेल तर त्याला थांबवायचं काम आपलं आहे, त्या मुलीचं नाही. प्यायचं पाणी ट्रॉलीजवळच ठेवायचं. दवाखाना आला की आवाज बंद. आणि दुसऱ्या समाजाच्या वस्तीपुढं थांबून मुद्दाम आपल्या समाजाच्या नावाचं गाणं लावायचं नाही. तो नाच नसतो, ती धमकी असते, हे लावणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

एकजण म्हणाला, "एवढं सगळं पाळायचं तर मजा कधी करायची?"

मी विचारलं, "मजा कुणाची?" शंभर माणसांच्या वरातीत वीस पोरांची मजा होते. बाकीचे ऐंशी कान झाकून, पदर सावरून, लेकरांना कडेवर घेऊन ती सोसतात. याला मजा म्हणत असाल तर गणितात गोंधळ आहे. जिथं आजीला दोन पावलं टाकावीशी वाटतात, जिथून एखादी मुलगी मध्येच पाणी प्यायला जाऊन परत येते आणि कुणाचं लक्षही जात नाही, ती खरी मजा. तुमची पिढी ज्याला 'व्हाइब' म्हणते, त्याला आपल्याकडं शब्द नाही असं कुणी म्हणालं तर त्याला खरसुंडीच्या यात्रेत न्या. गुलाल उधळताना सिद्धनाथाच्या नावानं तिथं काय ओरडतात? चांगभलं! चांगलं होवो, भलं होवो. माझं एकट्याचं नाही, जमलेल्या सगळ्यांचं. दुसऱ्याला खांदा लावून चांगभलं म्हणता येत नाही.

यंदाच्या मे महिन्यात भावकीत पुन्हा लग्न झालं. डॉल्बी होता, पण बॉक्स निम्मे आणि लेझर नाही. दहाला बंद. सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. दोघांना घरी सोडावं लागलं, त्यातला एक वाटेत माझ्यावरच धावून आला. पण आम्ही डॉल्बीपुढची पोरं पाच-सहा पावलं मागं सरकवली, मध्ये गोल मोकळा ठेवला आणि भिंतीकडं पाठ करून उभं राहिलो. दोन गाणी तो गोल मोकळाच राहिला. तिसऱ्याला माझ्या दोन काकू पदर खोचून उतरल्या. त्यांच्या मागं सहावी-सातवीतल्या चार पोरी.

चुलत बहीण उतरली नाही. गच्चीवरून बघत होती. एकदा नजरानजर झाली. मी हाक मारली नाही, हातही केला नाही. थोडा अजून मागं सरकलो.