अर्ज एकाचा, जबाबदारी साऱ्या खोलीची



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. मग आठ-पंधरा दिवसांत एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि पोराला घेऊन बाप एस.टी.त बसतो. मुखेड, कंधार, देगलूर, बिलोलीकडची लेकरे नांदेडला उतरतात; अहमदपूर, उदगीर, निलंगा, औशाकडची लातूरला. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून तर दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येतात. बाप हमाली करणारा, आई लोकांच्या घरची भांडी घासणारी. जाताना बाप पोराला एकच सांगतो, "काळजी करू नको, स्कॉलरशिप हाय."

या एका शब्दावर आपल्या तीन पिढ्या शिकल्या. म्हणूनच आज त्याबद्दल थोडे परखड बोलायचे आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी नांदेडला एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. चौघेही आपल्याच समाजाचे, चौघांचेही आईबाप मजूर. शिष्यवृत्तीचे अर्ज भरले. काही दिवसांनी कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला की अमुक अमुक विद्यार्थ्यांच्या अर्जात त्रुटी आहे. त्यात आमच्यातल्या एकाचे नाव होते. उत्पन्नाच्या दाखल्यावर एक सही राहिली होती, एवढेच. तो तेव्हा गावी गेला होता, बाप आजारी म्हणून सोयाबीनच्या काढणीला. आम्ही तिघांनी त्या फळ्यावर आपापली नावे शोधली, ती नाहीत हे पाहून समाधानाने परत आलो. चौथ्याचे नाव आहे का, हे आम्ही पाहिलेच नाही. तो परत आला तेव्हा मुदत संपली होती. फी भरता आली नाही आणि दिवाळीनंतर त्याने कॉलेज सोडले. पुढे त्याच्या गावी गेलो तेव्हा त्याची आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुमी तिघं व्हता की रं तिथं, लेकरांनो."

वाचकहो, त्या माउलीच्या त्या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. कार्यालयाचा दोष होता, कारकुनाचा होता. पण आमचाही होता. शिष्यवृत्ती आम्हाला मिळाली होती, बंधुता मात्र आम्ही शिकलो नव्हतो.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या लेकरालाही पाठ असते. पण पुढचा भाग आपण घाईने सांगतो. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बाबासाहेबांसारखा विद्यार्थी, पण शिष्यवृत्ती संपली की त्यांचेही शिक्षण थांबले! ते शिक्षण पुन्हा सुरू झाले १९२० साली. त्यासाठी त्यांनी स्वतः नोकरीतून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. हा भथेना कोण? पारशी समाजातला मुलगा, कोलंबियाच्या वसतिगृहातला बाबासाहेबांचा सोबती. वसतिगृहात जुळलेले नाते इतक्या वर्षांनी कामाला आले. मागे घरी रमाईने सोसलेले हाल तर वेगळेच. म्हणजे दार शिष्यवृत्तीने उघडले, पण उंबरठा ओलांडून पार जाता आले ते माणसांच्या आधाराने.

बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचण्याच्या सात वर्षे आधी, १९०६ साली, त्याच राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले. गोऱ्यांच्या त्या कॉलेजात त्यांना कोणी जवळ करीत नव्हते. म्हणून एकमेकांचा अभ्यास घ्यायचा, एकमेकांना सावरायचे, असे ठरवून ते एकत्र आले. अल्फा फाय अल्फा हे त्या मंडळाचे नाव. अमेरिकेत कॉलेजातल्या अशा मंडळांना फ्रॅटर्निटी म्हणतात. तोच शब्द आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे, बंधुता! पुढे मार्टिन ल्यूथर किंग आणि न्यायमूर्ती थरगुड मार्शल हे दोघेही याच मंडळाचे सभासद झाले. हे मंडळ आजही आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या देते आणि नेतृत्वाचे प्रशिक्षणही देते. ही दोन्ही कामे त्यांनी एकाच छपराखाली ठेवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पैसा घेणाऱ्याने उद्या दुसऱ्याचा हात धरायचा, हा त्यातला शिरस्ता.

आपल्याकडे हे नवीन आहे का? मुळीच नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते केवळ जेवणाखाण्यासाठी नव्हते. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हा साऱ्या मराठवाड्यातून मुले नागसेनवनात आली. तिथून नुसते पदवीधर निघाले नाहीत. लेखक, शिक्षक, कार्यकर्ते निघाले. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात पडू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. विद्यार्थी होते अवघे पंधरा. त्याच डिसेंबरात महापरिनिर्वाण झाले आणि पुढे काही महिन्यांतच ते विद्यालयही थांबले. नेता जन्माला येत नाही, त्याला शिकवावे लागते, हे ज्याने ओळखले त्या महामानवाचे ते काम अर्धवटच राहिले.

त्यानंतर आपल्या पोरांना नेतृत्व शिकवले ते रस्त्याने. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला आणि १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. आज नांदेड-लातूरची आपली मुले याच विद्यापीठाची पदवी घेतात. पण १९९४ सालच्याच विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची रीत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुका पुन्हा लिहिल्या गेल्या, पण प्रत्यक्षात त्या रखडल्या. निवडणुकीत गुंडगिरी होत होती हे खरे. पण गरिबाच्या मुलाला चार लोकांपुढे उभे राहून बोलायला शिकवणारी जागाही त्यात गेली.

मग आपल्या मुलांनी नेतृत्व शिकायचे कुठे? माझे उत्तर साधे आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जापासून शिकायचे.

आजची परिस्थिती पाहा. फळा गेला, सगळे महाडीबीटीच्या पोर्टलवर आले. कॉलेजच्या किंवा समाज कल्याणच्या लॉगिनला अर्ज अडकला तर मोबाईलवर नुसता एक मेसेज येतो आणि बापाला तो वाचता येत नाही. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. २०२१ च्या नियमांप्रमाणे अकरावी-बारावीच्या मुलाला निर्वाह भत्ता वर्षाला मिळतो तो वसतिगृहात राहत असेल तर चार हजार, घरून येत असेल तर अडीच हजार. लातुरात खोलीचे भाडे आणि मेस धरली तर हे पैसे महिनाभरही पुरत नाहीत. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, पण तिचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि हे अनेकांना माहीतच नसते.

आणखी एक गोष्ट घरोघरी सांगा. २०२१ पासून केंद्राच्या हिश्श्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येते. त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. खात्यावर एकदम आकडा दिसला की घरात वाटते, चला, उधारी फेडू, पत्रे टाकू. गरज खरी असते, मी दोष देत नाही. पण ते पैसे कॉलेजचे आहेत. पुढे फी थकली म्हणून कागदपत्रे अडली तर नुकसान लेकराचे.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक खोलीत, प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक विहारात एक वही ठेवा. शंभर पानी साधी वही. त्यात दहा मुलामुलींची नावे आणि प्रत्येकापुढे रकाने : जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, अर्ज कधी भरला, कुठे अडकला, पैसे आले का, फी भरली का. वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जुने महसुली कागद हुडकायला महिने जातात, म्हणून ते काम अकरावीतच सुरू करावे. ही वही दर रविवारी उघडायची. आणि ती सांभाळायची कोणी? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाने किंवा मुलीने, आळीपाळीने.

हेच प्रशिक्षण शिबिर समजा. जो दहा जणांचे कागद वेळेत लावतो, तो वेळ पाळायला शिकतो. जी मुलगी समाज कल्याण कार्यालयात जाऊन "साहेब, या दोघींचे अर्ज का थांबले?" असे नम्रपणे पण ठामपणे विचारते, तिला उद्या ग्रामसभेत बोलायला कोणी शिकवावे लागत नाही. वरच्या पायऱ्याही आहेत. पुण्याला बार्टी आहे, तिथे स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण आणि पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे. पण पहिली पायरी त्या वहीची. आणि वहीत मुलींची नावे आधी लिहा, कारण पैसे अडले की घरातून पहिली परत बोलावली जाते ती लेक.

नोकरीला लागलेल्या बंधू-भगिनींनाही विनंती. तुम्हीही याच शिष्यवृत्तीवर शिकलात. जयंतीची वर्गणी तुम्ही देता, चांगलेच आहे. पण वर्षातून एकदा अशा एका खोलीवर जाऊन ती वही मागून पाहा. कोणाचे पैसे अडलेत ते वाचा. दोन महिन्यांच्या मेसचे पैसे उसने द्या. आले की परत घ्या. भथेनांनी दिले होते तसे.

बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता तग धरत नाहीत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो देशाला होता, तसा चार पोरांच्या खोलीलाही आहे.

या जूनमध्ये लेकराला एस.टी.त बसवताना "स्कॉलरशिप हाय" असे जरूर सांगा. पण त्यासोबत हेही सांगा, "फळ्यावर, मोबाईलवर आपलं नाव बघशील तवा शेजारच्याचंबी बघ." एवढे झाले तर कोणा माउलीला "तुमी तिघं व्हता की रं तिथं" असे म्हणण्याची वेळ येणार नाही.

जयभीम!