तस्कर कुणाला म्हणायचं?

समुद्रात स्थलांतरितांची बोट बुडाली की आपली वर्तमानपत्रं दोनच शब्द छापतात : मानवी तस्करी. आपणही तेच फॉरवर्ड करतो. या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एकीत माणसाला फसवून, धाक दाखवून राबवलं किंवा विकलं जातं. दुसरीत माणूस स्वतः भाडं मोजून सीमा ओलांडतो. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली दोन्हींसाठी वेगवेगळे करार केले. मराठीत मात्र दोघेही तस्करच. एखादा शब्द माणसाला चौकशीआधीच कसा गुन्हेगार ठरवतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

नायजरमधलं अगादेझ घ्या. सहारा वाळवंटाच्या तोंडाशी वसलेलं, मातीच्या उंच मिनाराच्या मशिदीसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. २०१५ पर्यंत इथून लिबियाकडे दर आठवड्याला गाड्यांचा ताफा उघडपणे निघायचा, सोबत लष्कर. एका टोयोटा हायलक्सच्या हौद्यात पंचवीस-तीस जण. कडेला बसणाऱ्यांनी पडू नये म्हणून काठ्या खोचलेल्या, त्या घट्ट धरायच्या. चालक बहुधा तुआरेग नाहीतर तुबू. काहीजण पूर्वी पर्यटकांना फिरवायचे. बंडाळीमुळे पर्यटक आटले, गाडी उरली. प्रवासी ज्या घरांत थांबत त्यांना तिथे ‘घेट्टो’ म्हणतात. ती चालवणारा अनेकदा स्वतःच कधीतरी पैसे संपून अडकलेला, आता आपल्या देशाच्या पोरांना ठेवून घेणारा. आसपासच्या बायका जेवण विकत. दुकानदार पाण्याचे कॅन, डोक्याला गुंडाळायचं कापड, धुळीसाठी गॉगल विकत. चालकाचं नाव खराब झालं की गिऱ्हाईक तुटलं. कोकणातून गल्फला पोरं पाठवणारा एजंट आठवतो ना? कुणी शब्दाला जागणारा, कुणी लुटारू.

लुटारू होतेच, आणि जीवघेणा निष्काळजीपणाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अल्जीरियाच्या वाटेवर गाड्या बंद पडून मेलेल्या ९२ जणांचे मृतदेह सापडले, बहुतेक बायका आणि मुलं. लिबियात खंडणीसाठी माणसं कोंडून मारतात. हे झाकायचं कारण नाही.

पण उपाय काय केला? मे २०१५ मध्ये नायजरने कायदा केला : प्रवासी नेणाऱ्याला ५ ते १० वर्षं कैद. अंमलबजावणीमागे युरोपीय संघाचा पैसा होता. गाड्या जप्त झाल्या, चालक तुरुंगात गेले, भाडं वाढलं. जे उरले ते गस्त चुकवण्यासाठी विहिरींची वाट सोडून आडवाटेने निघू लागले. गस्तीची चाहूल लागली की काहीजण प्रवाशांना वाळूत उतरवून पसार होत. लष्करासोबत जाणारा ताफा मोडून माणसं वाचवायची, हा हिशेब कुणाचा? वास्तविक पश्चिम आफ्रिकी देशांच्या १९७९च्या करारानुसार शेजारी देशांतल्या लोकांना नायजरमध्ये यायला मुभा होती. तरी अगादेझच्या वाटेवरच त्यांची अडवणूक सुरू झाली. म्हणजे युरोपची सीमा वाळवंटाच्या अलीकडे आणून ठेवली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या लष्करी राजवटीने युरोपशी बिनसल्यावर हा कायदा रद्द केला. चालकांच्या कळवळ्याने नव्हे, हेही उघड आहे. मधल्या आठ वर्षांत आडवाटेवर जे मेले त्यांच्या बातम्यांत दोषी म्हणून तस्कराचंच नाव छापलं गेलं. कायदा लिहून घेणाऱ्यांचं कुणी छापलं?