लाईट संपली, तरी जबडा सांभाळा

तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी आपल्या वस्त्यांतली किती घरं पोखरली, हे वेगळं सांगायला नको. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. तोंडाचा कॅन्सर होतो, लाईट म्हणजे किरणांचा शेक घ्यावा लागतो. तो संपला की फाईल पेटीत जाते आणि घरचे म्हणतात, सुटलो. आमच्या मते घात होतो तो इथंच.

किरणांनी कॅन्सर मरतो, पण जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. रक्त कमी पोचलं की हाडाची भरून येण्याची ताकद जाते. खालच्या जबड्याला हा धोका जास्त, आणि तो जन्मभर राहतो. पुढं कधी दात दुखला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात उपटून घेतला, तर जखम न भरण्याचा आणि हाड उघडं पडण्याचा धोका असतो.

मग कुणी 'कॅन्सर परत आला' म्हणून लपवतं, कुणी 'जबडाच काढतील' या भीतीनं दवाखाना टाळतं. कॅन्सर परत आला नाही ना, हे तपासून घ्यावंच लागतं. पण हाड थोडंच उघडं असेल, तर बहुधा आधी साधे उपचार करतात: जखम धुणं, औषधी पाण्याच्या गुळण्या, पू असेल तर अँटिबायोटिक, सुटलेले हाडाचे तुकडे अलगद काढणं, तंबाखू आणि दारू पूर्ण बंद. काही डॉक्टर पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या कित्येक महिने देतात; त्या मेडिकलमधून मनानं आणू नयेत. या उपचारांना चिकाटी लागते. जबडा मोडला किंवा गालाला बाहेरून छिद्र पडलं, तर मात्र ऑपरेशनला पर्याय उरत नाही. म्हणून लवकर जाणं महत्त्वाचं.

पण सगळा भार पेशंटवर का? लाईट सुरू होण्याआधी दातांची तपासणी झालीच पाहिजे. खराब दात आधी काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत. सुट्टीच्या कागदावर मराठीत ठळक लिहिलं पाहिजे: 'या जबड्याला किरण दिले आहेत. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नये.' एवढ्या दोन ओळींना खर्च येत नाही. त्या नसतील, तर रोजंदारी बुडवून पुन्हा दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागतं ते आपल्याच माणसांना. या ओळी मागून घ्या. ती मेहरबानी नाही, आपला हक्क आहे.