बिरुद आणि सही

वधूवर सूचक मंडळांच्या परिचयपत्रकांत 'प्रोग्रामर' हा शब्द मला हल्ली दिसत नाही. सगळे 'सॉफ्टवेअर इंजिनिअर', नाहीतर 'डेव्हलपर'. एखादा थेट 'आर्किटेक्ट'!

गंमत अशी, की या विद्येतल्या एका थोर माणसाला हा शब्द लग्नाच्या वेळीच नाकारला गेला होता. १९५७ साली ॲमस्टरडॅममध्ये विवाहनोंदणीच्या वेळी एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' असा सांगितला. असा व्यवसायच नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले आणि कागदावर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' लागले. १९७२ मध्ये ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी ही हकिकत सांगितली. भाषणाच्या शीर्षकातही त्यांनी 'नम्र प्रोग्रामर' हेच शब्द योजले.

'इंजिनिअर' हे बिरुद मात्र ठरवून घेतलेले. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे 'नाटो'च्या आश्रयाने भरलेल्या परिषदेचे नावच 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' होते. पूल बांधणाऱ्याची शिस्त या कामात यावी, ही इच्छा त्यामागे होती. शिस्त यायची तेव्हा येवो, नाव आधी रुजले.

नावे बदलल्याचे मला कौतुक नाही, रागही नाही. सरकारी बँकांतल्या क्लार्कचा आता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झाला. काउंटर तेच, रांग तीच. पण आमच्या काळी व्हाउचरवर पास करणाऱ्याची सही असे आणि चूक निघाली, की आधी त्या सहीचा धनी शोधला जाई.

ब्रिटनच्या पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' ही संगणकप्रणाली आली. तिने नसलेल्या तुटी दाखवल्या. शेकडो पोस्टमास्तरांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. काही तुरुंगात गेले. त्या शिक्षा रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. रोकडीचा हिशेब देणारा गुन्हेगार ठरला. प्रोग्राम कोणी लिहिला, कोणी तपासून पास केला, हे विचारायला वर्षे गेली.

माझा भाचा याच क्षेत्रात आहे. त्याला विचारले, तर म्हणाला, "मामा, नाव आम्ही कुठे निवडतो? कंपनी देते. 'इंजिनिअर' लिहिलं की पगाराची श्रेणी वर जाते."

"आणि चुकलं तर?"

"कोणी कुठली ओळ बदलली, त्याची नोंद असते की. पण ती आमच्या आत. बाहेरच्याला दिसत नाही."

बिरुद कोणतेही लावा बाबांनो. ज्याचा हिशेब चुकला म्हणून तुम्ही त्याला कोर्टात उभे करता, त्याला ती नोंद आधी दाखवा.