जीव वाचला, पुढचं कोण बघणार?

लेक्चर सुटलं की गाडी काढायची. एफसी रोडपर्यंतच जायचंय, मग हेल्मेट कशाला? ते डिकीत. पुण्यात हा विषय निघाला की भांडणच. २०१९च्या १ जानेवारीपासून पोलिसांनी कारवाई सुरू केली, तेव्हा विरोधात आंदोलनंही झाली. वाद सगळा दंडाचा. फार तर मृत्यूंचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. पण डोक्याला मार लागून जे वाचतात, त्यांचं काय?

समजा, तुमच्याच ग्रुपमधला एक जण. ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला. दिसतो तसाच. पण आताच सांगितलेलं विसरतो, क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो, चहा ठेवला की गॅस बंद करायचं राहून जातं. पाहुणे म्हणतात, 'बरा झालाय की!' आईला माहीत असतं, झालेला नाही.

टाके भरले म्हणजे मेंदू सावरला असं नसतं. त्याला पुन्हा शिकवावं लागतं. चालण्यासाठी फिजिओथेरपी, बोलण्यासाठी स्पीच थेरपी. आंघोळ, पैसे मोजणं, बस पकडणं यासाठी ऑक्युपेशनल थेरपी. शिवाय समुपदेशन. हे सगळं एका छताखाली, तिथेच राहून, रोज करून घेणं म्हणजे निवासी पुनर्वसन. ते काही आठवड्यांचं असतं, कधी काही महिन्यांचं.

आणि खर्च? घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढा आणि त्यात 'एक्सक्लुजन ०५' शोधा. 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर' हे विमा नियामकानेच ठरवून दिलेलं प्रमाणित कलम आहे. आंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडवणं-फिरवणं यासाठीची देखभाल त्यात वगळलेली असते. म्हणजे ऑपरेशनचं बिल कंपनी भरेल, पण नंतरच्या देखभालीचं बाबांना भरावं लागेल.

कायदा काय म्हणतो? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूची दुखापत हा त्यातला वेगळा प्रकार नाही. हात-पाय अधू झाले, वाचा गेली, तर त्या नावाखाली प्रमाणपत्र मागायचं. विसरभोळेपणा आणि चिडचिड कुठल्या रकान्यात बसवणार? याच कायद्याचं कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं, पण 'आर्थिक क्षमतेनुसार'. पळवाट तिथेच आहे.

हे पुण्याला जमणार नाही, असं मात्र म्हणू नका. जखमी सैनिकांना काम शिकवणारी, १९१७मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज संस्था खडकीत आहे. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासून. तिथे जवान राहतात, उपचार घेतात, काम शिकतात, खेळतात. दुखापत वेगळी, पण विचार तोच: जीव वाचवला म्हणजे काम संपलं नाही. लष्कराला जे पटलं, ते आपल्या महापालिकेला का पटू नये? मत मागायला कुणी दारात आलं, तर उड्डाणपुलांसोबत हेही विचारा: पुनर्वसनासाठी शहरात सरकारी खाटा किती?

तोवर दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. असा मित्र घरी आला असेल, तर 'बरा झालास ना?' एवढं विचारून निघू नका. तासभर बसा, तो शब्द शोधत असेल तर थांबा. आणि ते हेल्मेट डिकीतून काढा. एफसी रोडपर्यंतच जायचं असलं तरी.