कारण, हेतु आणि सबब

इंग्रजी लिहितांना आपलीं मुलें वारंवार अडखळतात असें एक ठिकाण म्हणजे कार्यकारणसंबंध. शब्द त्यांस ठाऊक असतात. 'बिकॉज' म्हणजे 'कारण' आणि 'सो' म्हणजे 'म्हणून', हें समीकरण आरंभींच पाठ झालेलें असतें. परंतु एका शब्दाच्या जागीं दुसरा बसविला कीं भाषांतर झालें, ही समजूतच येथें घात करिते. घरांत मुलांचा अभ्यास घेणाऱ्या वडील मंडळींकरितां या महिन्याचें टिपण आहे.

प्रथम चुका पाहूं. मराठींत आपण लिहितों, 'तो आला नाहीं. कारण तो आजारी होता.' मध्यें पूर्णविराम आला तरी मराठीस कांहीं खटकत नाहीं. त्याच संवयीनें मुलगा इंग्रजींतही 'बिकॉज'पासून नवें वाक्य आरंभितो आणि तेथेंच संपवितो. इंग्रजींत 'बिकॉज'चें वाक्य गौण होय. मुख्य वाक्याच्या आधाराशिवाय तें लेखी भाषेंत उभें राहत नाहीं. दुसरी चूक 'मुळें' या शब्दयोगी अव्ययाची. 'आजारामुळें' आणि 'आजारी असल्यामुळें' या दोहोंस आपलें एकच 'मुळें' पुरतें. इंग्रजींत नामापूर्वीं 'बिकॉज ऑफ' आणि क्रियापदयुक्त वाक्यापूर्वीं नुसतें 'बिकॉज' येतें. म्हणून 'बिकॉज ऑफ ही वॉज इल' हें अशुद्ध. तिसरी चूक जोडीच्या अव्ययांची. 'ज्याअर्थीं' आलें कीं 'त्याअर्थीं' यावयाचेंच, ही आपल्या कानांची संवय. त्यामुळें 'अ‍ॅज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' असें लिहिलें जातें. इंग्रजीस तेथें एकच दुवा हवा असतो.

या सर्वांहून फसवा शब्द म्हणजे आपला 'म्हणून'. 'आजारी म्हणून आला नाहीं' येथें तो कारण दाखवितो. 'चार पैसे मिळावे म्हणून मुंबईस गेला' येथें उद्देश दाखवितो. 'दशरथ म्हणून एक राजा होता' येथें नुसतें नांव सांगतो. या तिन्ही 'म्हणून'ना इंग्रजींत तीन निराळ्या रचना लागतात. मुलास 'सो' हा एकच शब्द दिला, तर तीन कुलपांस एक किल्ली दिल्यासारखें होतें.

ही अडचण एकट्या मराठीची आहे काय? नाहीं; आणि त्याचा पुरावा शोधावयास निघालें तर वाट आमच्या मालेगांवांतूनच जाते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेलीं विणकर कुटुंबें येथें वसलीं, आणि मोसम नदीच्या कांठच्या या गांवांत मराठीच्या शेजारीं उर्दू नांदूं लागली. उर्दूंत कारण सांगतांना 'चूँकि'नें आरंभ होतो व पुढें 'इसलिए' येतें. म्हणजे 'ज्याअर्थीं-त्याअर्थीं'चीच जोडी. हा 'चूँकि' मूळचा फारसी; आणि तोच शब्द तुर्कस्तानांत 'चुंक्यू' या रूपानें चालतो. मात्र तेथें तो आपल्या 'कारण'प्रमाणें मुख्य विधानाच्या मागून येतो. खुद्द 'उर्दू' हें नांवही सैन्य किंवा छावणी या अर्थाच्या तुर्की 'ओर्दू' शब्दावरून आलेलें आहे.

तुर्की भाषा संस्कृतच्या कुळांतील नव्हे, तरी तिची वाक्यरचना मराठीच्या फार जवळची आहे. क्रियापद शेवटीं, संबंधदर्शक शब्द नामाच्या मागें, आणि कारण बहुधा कार्याच्या आधीं. 'पाऊस पडल्यामुळें आलों नाहीं' हें वाक्य तुर्कींत त्याच क्रमानें म्हणतां येतें. 'मुळें'च्या जागीं 'इचिन' येतें, आणि 'साठीं'चें कामही तोच शब्द करितो. त्याहून नवल असें कीं 'दिये' हा त्यांचा शब्द 'म्हणणें' या अर्थाच्या धातूपासून झालेला असून आपल्या 'म्हणून'प्रमाणेंच कारण, उद्देश व उद्गार दाखवितो. संस्कृतांतील 'इति' आठवावा! म्हणून इस्तंबूलचा विद्यार्थी इंग्रजी शिकूं लागला कीं त्याच्या वाटेंतही हेच दगड असतात. तेव्हां 'मुलगा मंद आहे' असें म्हणण्यापूर्वीं त्याची मातृभाषा कोणत्या क्रमानें विचार मांडते, तें वडिलांनीं पाहावें.

आतां मुख्य मुद्दा. कारण एकाच जातीचें नसतें. पाणिनीनें हेतूस तृतीया सांगितली. आणि हेतु गुणवाचक असून स्त्रीलिंगी नसेल तर विकल्पानें पंचमीही सांगितली. पुढें शास्त्रकारांनीं कारक हेतु आणि ज्ञापक हेतु असा भेद केला. 'पाऊस पडला म्हणून अंगण ओलें झालें', येथें पावसानें ओल केली; हा कारक हेतु. 'पाऊस पडला असावा, कारण अंगण ओलें आहे', येथें ओलीनें पाऊस पाडला नाहीं. तिनें पावसाचें ज्ञान करून दिलें. हा ज्ञापक हेतु. पर्वतावरील धुरावरून अग्नि ओळखावा तसा. मराठींत दोहोंस 'कारण' चालतें. इंग्रजींत दुसऱ्या जागीं जुने ग्रंथकार 'फॉर' घालीत. आज बोलण्यांत तो विरळा झाला असून स्वल्पविराम देऊन 'बिकॉज'च वापरतात. मात्र 'फॉर' कारण दाखवीत असतां त्याचें वाक्य आधीं येत नाहीं, हा नियम ध्यानांत ठेवावा.

नकाराच्या वाक्यांत अधिक सावध असावें. 'ही डिड नॉट कम बिकॉज ही वॉज हंग्री' याचे अर्थ दोन. भूक लागली म्हणून तो आला नाहीं, हा एक. तो आला खरा, पण भुकेपोटीं नव्हे, हा दुसरा. अर्जांत किंवा पत्रांत असें वाक्य पडलें तर वाचणारा भलताच अर्थ घेईल. पहिला अर्थ हवा असल्यास कारणाचें वाक्य आधीं घालावें व स्वल्पविराम देऊन मुख्य वाक्य लिहावें. संशय राहत नाहीं.

शेवटीं 'सबब' या शब्दाविषयीं. अरबींतून फारसीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला. तुर्कींत 'सेबेप' झाला. तेथें त्याचा अर्थ अद्याप सरळ 'कारण' असाच आहे. आपल्याकडेही जुन्या कागदपत्रांत तो त्याच अर्थीं येतो. परंतु घरगुती बोलण्यांत 'सबब' म्हणजे खोटें निमित्त असें होऊन बसलें. इतकेंच नव्हे, तर 'कारणें सांगूं नकोस' या आपल्या नित्याच्या दटावणीनें 'कारण' या शब्दासही तीच वाट दाखविली आहे. ज्या घरांत कारण सांगणें हा अपराध ठरतो, त्या घरांतील मुलास कारण नीट मांडण्याची संवय कोठून लागावी? मग परीक्षेंत 'गिव्ह रीझन्स' असा प्रश्न आला कीं तें पोर गोंधळतें, यांत आश्चर्य तें काय?

याकरितां एक लहानसा उपाय. मुलगा उशिरां आला तर त्यास प्रथम मराठींत पूर्ण वाक्यानें कारण सांगूं द्यावें. मग तीन प्रश्न विचारावे: यानें उशीर झाला काय, यावरून उशीर कळला काय, कीं उशिरावर हें पांघरूण आहे? पहिलें कारण, दुसरें प्रमाण, तिसरी सबब. हा विवेक मराठींत झाला म्हणजे तेंच वाक्य इंग्रजींत लिहवून घ्यावें. ज्याच्या मनांत तीन गोष्टी निराळ्या झाल्या, त्यास त्यांचे इंग्रजी शब्द शिकविणें अवघड नाहीं. आणि खरें कारण निर्भयपणें सांगण्याची संवय लागली, तर ती व्याकरणाच्या गुणांहून अधिक काळ त्याच्या उपयोगीं पडेल.